बाणेरला टू बीएचके घेता येईल, पण तिथे राहणं झेपेल का?

कर्वेनगरचा_मी

नमस्कार मंडळी. दर किती वाढतील, गुंतवणूक म्हणून कसं, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला ते नकोय. जे प्रत्यक्ष बाणेर-बालेवाडीत राहतात त्यांच्याकडून ऐकायचंय.

आम्ही चौघं. मी हिंजवडीत, बायको बँकेत (शाखा टिळक रोडला), मुलगी दुसरीत आणि आई. कर्वेनगरात १९९४ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून, ती तीनदा खाली उतरलीय. त्यातली दोनदा डॉक्टरकडे. मी रोज वारज्यावरून हायवेने जातो. चांदणी चौकातला नवा पूल झाल्यावर तिथलं जरा सुटलं, पण पुढे वाकडच्या आधी जे अडकायचं ते अडकतंच.

पॅनकार्ड क्लब रोडवर एक रिसेल फ्लॅट बघितला. २०१२ चं बांधकाम, आठवा मजला, ८१० चौरस फूट कार्पेट. मागताहेत १ कोटी ३८ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ९ लाख ६६ हजार, नोंदणीचे ३० हजार वेगळे. रिसेल असल्यामुळे जीएसटी नाही. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. हे ऐकून आई पटकन म्हणाली, "मग तिच्याच नावावर घे की." त्यानंतर बायको अर्धा दिवस गप्प होती. आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही.

कर्वेनगरचं घर विकून साठेक लाख हातात येतील. ९० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता ७८ हजार. दोघांचे मिळून हातात २ लाख ५ हजार येतात. मेंटेनन्स महिन्याला ५,८०० आहे असं एजंट म्हणाला. कागदावर बसतंय सगळं.

पण परवा बघायला गेलो तेव्हा गेटवर आमचे फोटो काढले. आईचाही काढला. तिने पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि अशी उभी राहिली की जणू पासपोर्टचा फोटो आहे. लॉबीत गवती चहासारखा वास येत होता. घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "तिथे आपण सगळ्यात खालचे असू." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

राहणाऱ्यांनी सांगा. हप्ता भरून झाल्यावर तिथे आणखी काय काय भरावं लागतं?

चिमण्या_गणपती

सदाशिव पेठेत या. इथे सगळेच सगळ्यात वरचे आहेत, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पार्किंग मात्र मागू नका.

पोस्टातली_काकू

मी २०१३ पासून त्याच रस्त्यावर राहते. त्याआधी ३४ वर्षं शुक्रवार पेठेत, वाड्यात. पोस्टातून निवृत्त झाले. आयुष्यभर काउंटरवर दुसऱ्यांचे पैसे मोजले म्हणून सोसायटीने मला पाच वर्षं खजिनदार करून ठेवलं. तेव्हा मी सांगते त्यातलं निम्मं तरी हिशेबाच्या वहीतून आलेलं आहे असं धरा.

आधी तुमच्या आईंचं. त्यांना आणा. वाड्यातल्या मायेच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत. आठ बिऱ्हाडांत दोन संडास होते आणि पावसाळ्यात जिना शेवाळलेला असायचा. मिस्टर गेल्यावर वर्षभर मी कुठल्या रंगाची साडी नेसून बाहेर पडते याची नोंद समोरच्या खिडकीत व्हायची. पंजाबी ड्रेस मी पहिल्यांदा घातला तो इथे, वयाच्या ५६ व्या वर्षी, आणि लिफ्टमधल्या एकाही माणसाने मान वर करून पाहिलं नाही. लोक याला तुटकपणा म्हणतात. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं.

खिडकीतून टेकडी दिसते. जुलैत हिरवीगार, फेब्रुवारीपर्यंत अगदी तपकिरी, आणि मार्चमध्ये कुणीतरी वणवा लावतं तेव्हा तुकाईच्या देवळाच्या खाली रात्री लाल रेघ दिसते. सकाळी त्या टेकडीवर चालायला पैसे पडत नाहीत. असं पैसे न पडणारं आमच्या भागात ते एवढंच.

आता पैशांकडे येते. तुम्ही विचारलंत, हप्त्याशिवाय काय भरावं लागतं. तुमच्या आकडेमोडीत एक गोष्ट नाहीच आहे. फ्लॅट केवढ्याला घ्यायचा ते तुम्ही ठरवाल. त्यानंतरचा खर्च शेजारी ठरवतात, हात वर करून.

आमची सोसायटी २१२ फ्लॅटची. सर्वसाधारण सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे साधारण गणपती-पितृपक्षाच्या धामधुमीत. उपविधीनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, गणपूर्ती किती, ठाऊक आहे? एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे २१२ घरांच्या सोसायटीत २० माणसं आली की सभा सुरू.

२०२२ च्या सभेत विषय निघाला, "लॉबी जुनी दिसते." बिल्डरने बसवलेल्या फरशीला एक चरा नव्हता. पण पलीकडच्या टॉवरने नुकतंच नवीन काम केलं होतं, भिंतीला लाकडी पट्ट्या, छतातून पिवळे दिवे. ३८ लाखांचं अंदाजपत्रक आलं. हजर ४३ जण, हात वर २६. दर फ्लॅटमागे जवळजवळ १८ हजार. मी खजिनदार म्हणून उभी राहिले आणि म्हणाले, छताची गळती आधी करू. एक गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, "काकू, १८ हजार म्हणजे दोन वेळा बाहेर जेवायला गेल्यासारखं." ते खरंच कुठे जेवतात हे मला अजून कळलेलं नाही.

ज्यांना १८ हजार जड होते ते सभेला आलेच नव्हते. जे आले त्यातले काही गप्प बसले. एक तर माझ्या शेजारी बसून हात वर करून मोकळे झाले आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे हप्ते मागायला आले. पैसे नाहीत असं चारचौघांत म्हणायला जमलं नाही त्यांना. थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, तेही लागलं. तुमच्या बायकोने जे म्हटलं ना, त्याची भीती सभेत जास्त वाटते. लॉबीत नाही.

मेंटेनन्सचं असं, की आमचा ३,२०० ने सुरू झाला होता. आता ८,१०० आहे. साडेसात हजारांच्या वर गेला आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे असली की १८ टक्क्यांनी जीएसटी येतो. आम्ही दोन वर्षं तो ७,४५० वर रेटून धरला होता, मग लिफ्टचे दोर बदलायचे निघाले. तुम्हाला सांगितलेला ५,८०० हा आजचा आहे. २०१२ च्या इमारतीला आता रंग, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं एकदम येणार.

मुलांचं थोडक्यात सांगते. माझा नातू तिसरीत असताना वर्गात 'दिवाळीत कुठे गेला होतात' असा विषय होता. याने गुहागर सांगितलं. शेजारच्या मुलाने विचारलं, तिथे व्हिसा लागतो का? घरी येऊन तो आम्हालाच सांगत होता आणि खदखदून हसत होता, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. वाढदिवसांचं मात्र बघा. क्लबहाऊसमध्ये ४० मुलं, जादूगार, आणि परत जाताना प्रत्येकाला पिशवी. आम्ही एक वर्ष केलं. पुढच्या वर्षी सुनेने पोळ्याच्या तव्यावर डोसे घालून १० मुलांना घरी बोलावलं. पुढे तशी पार्टी आणखी दोन घरांनी केली. कुणीतरी सुरुवात करेपर्यंत सगळे पिशव्या भरत राहतात.

आणि एक विषय जरा बाजूचा आहे, पण सांगतेच. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी सुतारवाडीहून चालत येतात, आमच्याच इमारतीत पाच घरं करतात. दोन कामांच्या मध्ये अर्धा तास असतो तेव्हा बागेतल्या बाकावर बसून डबा खातात. एका सभेत ठराव आला, की बाक 'रहिवाशांसाठी' राखून ठेवावेत. शब्द मोठे नीटनेटके होते. मी विचारलं, की घरात येऊन आपली भांडी घासायला चालतात, मग बाकावर काय होतं? शांतता. ठराव मताला टाकलाच नाही, इतिवृत्तात 'पुढे ढकलला' एवढंच लिहिलंय. मी अजून दर सभेला जाते ती तो परत येऊ नये म्हणून.

विसार देण्याआधी एवढं करा: विकणाऱ्याला सांगून सोसायटीची मागच्या तीन सभांची इतिवृत्तं आणि ऑडिट झालेला ताळेबंद मागा. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, खरंच मुदत ठेवीत आहे की नुसता कागदावर, ते बघा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का विचारा. आणि नोंदणी 'सोसायटी' म्हणून आहे की 'अपार्टमेंट' म्हणून, हेही; दोन्हींचे कायदे वेगळे. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, चार बीएचकेवाला आणि तुम्ही एकाच रांगेत. अपार्टमेंटमध्ये ते ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या टक्क्याने लागतं, टू बीएचकेला ते बरं. सभासदत्व हस्तांतराचा प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या माणसाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, २५ हजारांच्या वर कुणी मागितला तर देऊ नका, तशी कमाल मर्यादा आहे. 'स्वेच्छा देणगी' म्हणून मागतील. तुमची इच्छा नाही म्हणून सांगा.

टँकरवाला_बाणेर

राम राम. काकूंनी वही दाखवली, मी पाणी दाखवतो. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, माझे दोन टँकर आहेत.

मी गावातला. बाणेर १९९७ ला महापालिकेत आलं. त्याच्या आधी आमच्या वावरात ज्वारी आणि हरभरा. आज ज्या टॉवरच्या खालच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पंप लावावा लागतो, तिथं आमच्या चुलत्यांची विहीर होती. पाणी जागा विसरत नाय. आजोबांनी गुंठ्याला काय घेतलं ते सांगत नाही, सांगितलं तर मलाच रातच्याला झोप येत नाही.

दादा, हिशोब साधा आहे. माणशी १३५ लिटर हा सरकारी आकडा. काकूंची २१२ घरं, घरटी चार माणसं धरा, दिवसाला १ लाख १४ हजार लिटर झालं. माझा टँकर १० हजाराचा. पालिकेचं पाणी एक दिवस आलंच नाही तर अकरा-बारा टँकर पाहिजेत, ते पण एका दिवसाला. एप्रिल-मे मध्ये माझा ड्रायव्हर पहाटे चारला निघतो आणि जेवायला घरी येत नाही.

म्हणून सांगतो, फ्लॅट बघायला गणपतीत जाऊ नका. तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी. गेटवर टँकरची वही असते, वॉचमन प्रत्येक गाडीची सही घेतो. मागच्या एप्रिल आणि मे ची पानं बघा. सेक्रेटरी नाही म्हणाला तर वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो. आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करून फ्लशला देणारा प्लांट, चालू आहे का बघा. बघायचं म्हणजे काय, फ्लॅटमधल्या संडासात फ्लश करायचा. पाणी पिवळट असलं आणि वास मारला तर प्लांट नावालाच हाय. पाणी एकदम नितळ आलं तर टँकरचं पिण्याचं पाणी तर फ्लशला चाललं नाही ना ते विचारा, ते पैसे तुम्हीच भरणार.

काकूंच्या नातवावरून आठवलं. आमचं पोरगं पण तिकडंच शिकतं, फी तेवढीच. त्याला वर्गात विचारतात, तू कुठल्या टॉवरमध्ये राहतो? तो म्हणतो, मी टॉवरमध्ये नाही राहत, टॉवर आमच्या रानात राहतो.

टॉवर नको असला तर गावठाणात पण या कधी, भैरवनाथाच्या देवळाच्या मागं. गल्ली अरुंद आहे, पण भाजीवाली उधार देते.

भाडेकरू_अकरा_महिने

मी बालेवाडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, हे तिसरं घर. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, आणि दर वेळी घरमालक 'फॅमिलीच पाहिजे होती, पण तुम्ही चांगल्या वाटता' असं म्हणून मेहेरबानी केल्यासारखं ॲग्रीमेंट करतात. सभेत आम्हाला मत नाही, क्लबहाऊससाठी वेगळी फी, कुणी मित्र आला तर गेटवरून घरमालकालाच फोन जातो.

पण तुम्हाला एक सांगते. कर्वेनगरचं घर लगेच विकू नका. तेच भाड्याने द्या आणि वर्षभर इथे भाड्याने राहून बघा. शनिवारी रात्री हाय स्ट्रीटच्या, म्हणजे हॉटेलं-पबवाल्या रस्त्याच्या, बाजूची खिडकी किती वाजेपर्यंत बंद ठेवावी लागते, ते घर बघायला दुपारी बारा वाजता गेलं की कळत नाही. तुमच्या पत्नीचं टिळक रोडला जाणंही बघा. त्या कर्वेनगरहून पंधरा-वीस मिनिटांत पोचत असतील. इथून विद्यापीठ चौक पार करून जायचंय. तुमचा वेळ वाचेल, पण त्यांचा जाईल. तुमच्या पोस्टमध्ये त्याबद्दल एक ओळ नाहीये.

कर्वेनगरचा_मी

सगळ्यांचे आभार. भाडेकरू ताई, शेवटची ओळ लागली. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चला, कुणालातरी दिसलं." बदलीसाठी अर्ज करता येईल, बाणेरला त्यांची शाखा आहे. पण तिला टिळक रोडच सोडायचा नाहीये, तिचे १४ वर्षांचे खातेदार आहेत तिथे. यावर अजून आमचं बोलणं चालू आहे.

रविवारी परत गेलो. टँकरची वही बघितली. १४० फ्लॅट, एप्रिलमध्ये ९६ टँकर, मेमध्ये १३०. वॉचमन म्हणाला, "साहेब, हे पाण्याचं बरं असलेलं वर्ष होतं." फ्लश केला. नितळ.

इतिवृत्त दाखवायला सेक्रेटरी आधी का-कू करत होते, मग विकणाऱ्याने स्वतःची प्रत दिली. सोसायटीच आहे, अपार्टमेंट नाही. गेल्या सप्टेंबरच्या सभेत बाहेरचा रंग मंजूर झालाय, फ्लॅटमागे ४० हजार, वसुली अजून सुरू व्हायचीय. एजंटला विचारलं तर म्हणतो, "रंग लागल्यावर व्हॅल्यू वाढेल ना सर." म्हणजे ते ४० हजार आमच्या माथी मारायचा विचार होता.

आम्ही कागद बघत होतो तोवर आईला खाली बाकावर बसवलं होतं. वीसेक मिनिटांनी उतरलो तर तिच्या शेजारी एक कानडी आजी. त्या आजींना मराठी येत नाही, आईला कानडी येत नाही. दोघींनी साड्या थोड्या वर करून एकमेकींना गुडघ्याचे पट्टे दाखवले होते, आणि कुठला बरा यावर चर्चा चालू होती. हातवाऱ्यांनी. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्यांचा वेल्क्रोवाला आहे, मलाही तसलाच आण."

काकू, रंगाचे पैसे विकणाऱ्याकडून कसे काढून घ्यायचे?

पोस्टातली_काकू

सौद्यातून वळते करा. ठराव तुमच्या व्यवहाराआधीचा आहे, तेव्हा ते ओझं त्यांचं. करारात एक ओळ घाला, की कराराच्या तारखेपर्यंत मंजूर झालेली सगळी वर्गणी, वसूल झालेली असो वा नसो, विकणाऱ्याकडे. आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक सोडू नका. ४० हजारांसाठी एवढी फायद्यातली गिऱ्हाईकं कुणी घालवत नाही.

भाड्याने राहून बघायचा सल्ला चांगला आहे, मला सुचला नव्हता. मी आपली घेऊनच मोकळी झाले होते.

तुमच्या पत्नींना म्हणावं, शनिवारी सहाला माझ्याकडे चहाला या, तुम्ही नसलात तरी चालेल. इमारतीचं नाव निरोपात कळवते. गेटवर फोटो काढतील, काढू द्या. मग माझ्या फोनवर विचारणा येते आणि मला 'मान्य' दाबावं लागतं. चष्मा सापडेपर्यंत पाच मिनिटं लागतात, तेवढं थांबा. मागच्या वेळी चुकून 'नामंजूर' दाबलं आणि माझी सख्खी नणंद परत गेली होती.